गरम पाण्याला धारच नाही – गिझर बदलू की आणखी काही? (पार्ले, वरचा मजला)

गच्चीखालची
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पाणी डोक्यावरून गेलं म्हणून धागा काढतेय. म्हणजे खरं तर पाणी डोक्यावरून जातच नाही हाच प्रॉब्लेम आहे.

विलेपार्ले पूर्व, चाळीस वर्षं जुनी सोसायटी, तळमजला अधिक तीन, आम्ही तिसऱ्यावर म्हणजे थेट गच्चीखाली. बाथरूमचं काम काढलंय आणि टाइल्स फोडायच्या आधी गिझरचं काय ते सांगा म्हणून कॉन्ट्रॅक्टर मागे लागलाय. सध्या १५ लिटरचा स्टोरेज गिझर आहे, आठ-नऊ वर्षं झाली त्याला. तापतं छान, तापण्याची तक्रारच नाही. तक्रार धारेची. थंड नळ सोडला तर बादली पटकन भरते, गरम सोडला की करंगळीएवढी धार, आणि शॉवरवर वळवलं तर विचारूच नका. मुलगा म्हणतो आई हा शॉवर नाहीये, सलाइन आहे.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो गॅस गिझर घ्या, पाइप गॅस आहेच तुमच्याकडे, "पाणी प्रेशरने येतं", आणि वर ते ताटाएवढं रेन शॉवर लावू. नवऱ्याला २५ लिटरचा स्टोरेज हवाय. समोरचे म्हणतात प्रेशर पंप बसवा नि मोकळे व्हा. सासूबाई (त्या गिझरला अजून बॉयलरच म्हणतात) म्हणतात, बादली भरते ना, मग कशाला खर्च. घरात चार माणसं, सगळ्यांच्या आंघोळी साडेसहा ते आठमधे. काय घ्यावं?

९_०५_ची_लोकल
सरळ ३ लिटरचा इन्स्टंट घ्या ताई. आमच्याकडे दोन आहेत, छोटासा डबा, जागा खात नाही, बटण दाबलं की दोन मिनिटात गरम. मुंबईत कुठे बर्फ पडतोय.

नळबाजार
ताई, अजून काहीच घेऊ नका. एक बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच घ्या.

बिल्डिंगच्या पाण्याच्या लाइनींचंच काम करतो म्हणून सांगतो, निम्मे लोक चुकीच्या दुकानात जाऊन चुकीची वस्तू घेतात. गिझर पाणी ढकलत नाही हो. कुठलाच गिझर ढकलत नाही, गॅसचा पण नाही. तो मधे बसून फक्त तापवतो. पाणी ढकलते गच्चीवरची टाकी, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी तुमच्या नळापेक्षा किती उंच आहे ते. १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार (बार हे दाब मोजायचं एकक). तुम्ही गच्चीखाली, तेव्हा हिशोब करा: टाकी समजा तीन फुटी कट्ट्यावर, त्यात तीन-चार फूट पाणी, तुमच्या घराची उंची दहा फूट आणि शॉवर सात फुटावर. मिळाले जेमतेम नऊ-दहा फूट, म्हणजे तीन मीटर, ०.३ बार. सकाळी साडेसातला सगळी सोसायटी आंघोळीला बसली आणि टाकी तळाला गेली की ०.२ च्या खाली. आणि बादलीचा नळ दोन फुटावर असतो, म्हणजे त्याला तुमच्या शॉवरपेक्षा पाच फूट जास्त मिळतात. म्हणून बादली भरते आणि शॉवर रडतो. यात गिझरची काही चूक नाही.

पण तुमच्या केसमधे एक गोष्ट वेगळी आहे. थंडाला धार आहे आणि गरमाला नाही. टाकी तर एकच! म्हणजे गरमाच्या वाटेत कुठेतरी गळा दाबलाय.

हे करा. एक लिटरच्या बाटलीने मोजून बादलीत १० लिटरची खूण करा. (१) बादलीच्या नळातून नुसतं थंड, पूर्ण उघडून, किती सेकंद. (२) तिथूनच नुसतं गरम, गिझरचं बटण बंद ठेवून, म्हणजे भाजायचं नाही. (३) हँड शॉवर असेल तर त्याचं डोकं काढा, पाइप शॉवरच्या उंचीला धरा आणि दोन्ही परत मोजा (बादली खालीच राहू द्या, पाइपाचं तोंड वर). हे चार आकडे इथे टाका, मग बोलू.

गच्चीखालची
बाप रे, प्रॅक्टिकलच दिलंत. रविवारी करते. टाकीचा कट्टा तीन फुटीच आहे, बरोब्बर ओळखलंत.

निवृत्त_वायरमन
९_०५ साहेब, तुमचा इन्स्टंट तुम्हाला लखलाभ, पण चार माणसांच्या शॉवरला तो सुचवू नका. वीज खोटं बोलत नाही. १ किलोवॅटला मिनिटाला १ लिटर पाणी साधारण १४ अंशांनी तापवता येतं, त्याच्यावर नाही. तुमचा डबा ३ किलोवॅटचा. जानेवारीत आपल्या नळाला पाणी २४ अंशाच्या आसपास, अंगावर घ्यायला ४० लागतं, म्हणजे १६ अंश वाढ. उत्तर येतं मिनिटाला पावणेतीन लिटर. आतले ३ लिटर आधी तापलेले असतात ते संपले की मग तेवढंच. स्वयंपाकघरात भांडी घासायला उत्तम, बादलीला चालेल, शॉवरला नाही.

२५ लिटरच्या स्टोरेजचं गणित असं. आत ६० अंश, त्यात थंड मिसळून ४० केलं तर कागदावर ५५ लिटर होतं. नवीन थंड पाणी आत शिरतं ते थोडं मिसळतं, म्हणून ४५ धरा. बादल्या तीन. मिनिटाला ८ लिटरच्या शॉवरने साडेपाच मिनिटं. परत तापायला २ किलोवॅटच्या कॉइलला अर्धा तास, ३ किलोवॅटची घेतली तर वीस-बावीस मिनिटं. एक टाकी तापवायला साधारण १ युनिट. दीड तासात चार आंघोळी बसतात, मुलगा मोबाइल घेऊन आत गेला नाही तर.

आणि हो, वायरिंग बघा. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. चाळीस वर्षांच्या बिल्डिंगमधे गिझरचा पॉइंट पंख्यांच्या लाइनवरून काढलेला मी स्वतः पाहिलाय. बोर्डापासून वेगळी ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडते ती). टाइल्स फुटतायतच तर हे आत्ताच करा, नंतर कोणी करत नाही.

९_०५_ची_लोकल
काका, बादलीनेच आंघोळ करतो मी, शॉवरला वेळ आहे कुणाला. म्हणून मस्त वाटत असेल 😄

सुगरण_नाही
गॅस गिझरबद्दल लिहायला आले. आमच्याकडे सहा वर्षं आहे, मी खूश आहे, पण त्याची भीती वाटायलाच हवी एवढं पहिल्यांदा सांगते. आमच्या जुन्या भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूने तो बाथरूमच्या आत लावलेला होता, खिडकीला थंडी येते म्हणून प्लॅस्टिक. एकदा केस धुवायला जरा जास्त वेळ लागला आणि डोकं जड झालं, पाय लटपटायला लागले, कशीबशी कडी काढली आणि बाहेर येऊन जमिनीवरच बसले. वास काहीच नव्हता. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, गॅस लीक झाला तर तो मुद्दाम घातलेला वास येतो, हा जळून झालेला धूर असतो, त्याचा काही पत्ता लागत नाही. मालकांना सांगितलं तर म्हणाले इतकी वर्षं काही झालं नाही. आम्ही महिन्याभरात घर सोडलं.

आता आमचा ड्राय बाल्कनीत आहे, उघड्या हवेत, तिथून गरम पाण्याचा पाइप बाथरूममधे आणलाय. बाथरूममधे गॅस गिझर नको म्हणजे नको, एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून चालेल असं कोणी म्हणालं तरी नको. तसंच सिलिंडरवरचा आणि पाइप गॅसवरचा गिझर वेगळा असतो, दोन्ही गॅसचं प्रेशर वेगळं, जेट वेगळे, त्यामुळे दुकानात पीएनजीचा असं स्पष्ट सांगून घ्यायचा. आणि जोडणी महानगर गॅसकडे सांगून त्यांच्या माणसाकडूनच, नेहमीच्या प्लंबरने शेगडीच्या नळीला टी मारून नाही.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे सात मजल्यांपैकी दुसरा, धार दणदणीत.

नळबाजार
सुगरणताईंना शंभरपैकी शंभर. एकच भर: "धार दणदणीत" ती दुसऱ्या मजल्यामुळे, गॅसमुळे नाही. डोक्यावर पाच मजले म्हणजे १५ मीटर, दीड बार.

गॅस गिझरची खरी ताकद म्हणजे तो संपत नाही. ६ लिटरचा म्हणून विकतात तो २५ अंश वाढीला मिनिटाला ६ लिटर देतो, म्हणजे साडेदहा किलोवॅटच्या आसपास. मुंबईत वाढ १६ अंशच लागते, तेव्हा ९ लिटरपर्यंत पण जाईल. वीज कितीही झाली तरी घरात इतकं देत नाही. पण त्याला पेटायला आतून ठरावीक पाणी वाहावं लागतं, बऱ्याच मॉडेलना मिनिटाला अडीच-तीन लिटर. त्याच्याखाली गेलं की झाकण बंद, ज्योत बंद. परत जरा वाढलं की फटाक करून पेटतो. साबण लावलेला असताना हा खेळ सुरू झाला की माणूस कॉन्ट्रॅक्टरचं नाव काढतो. म्हणून आधी आकडे!

लेस्टरकर
मजा येतेय वाचायला. सासूबाई बॉयलर म्हणतात ते वाचून हसू आलं कारण इथे इंग्लंडमधे तो बॉयलरच असतो. आमच्याकडे तुमच्यासारखीच भांडणं झाली होती घर घेताना. इथे कॉम्बी बॉयलर असतो, टाकी नाही, नळ उघडला की गॅसवर तापवतो, म्हणजे तुमच्या गॅस गिझरचा थोरला भाऊ. ३० किलोवॅटचा असला तरी हिवाळ्यात मेनचं, म्हणजे रस्त्यावरच्या लाइनीचं, पाणी ५-७ अंशावर येतं, ३५ अंश वाढवायचं म्हणजे मिनिटाला १२ लिटरच मिळतात. एक शॉवर मस्त. दोन बाथरूममधे एकदम चालू केले की दोघांनाही निम्मं, आणि बायको आतून ओरडते.

दुसरा प्रकार म्हणजे मोठा सिलिंडर, दीडशे-दोनशे लिटरचा, मेनच्या प्रेशरवर, त्याला अनव्हेंटेड म्हणतात. दोन-तीन शॉवर एकदम चालतात पण पाणी संपलं की थांबा, आणि तो बसवायला वेगळं सर्टिफिकेट असलेला माणूस लागतो कारण बंद टाकीत गरम पाणी म्हणजे बॉम्बच, सेफ्टी व्हॉल्व्ह बिघडला तर. जुन्या घरात तिसरा प्रकार, माळ्यावर थंड पाण्याची टाकी आणि खाली तांब्याचा सिलिंडर. ती माळ्यावरची टाकी म्हणजे तुमची गच्चीवरची टाकीच! शॉवर तिच्या खाली चार फुटावर, तीच सलाइन.

इथला इंजिनिअर आला तेव्हा त्याने पहिलं काय केलं माहितीये? किचनच्या नळाखाली मापाचा मग धरला. मेनमधूनच १० लिटर येत असेल तर १६ लिटरचा बॉयलर घेऊन करायचंय काय. नळबाजार तेच सांगतायत.

सत्ताविसावा_मजला
आमचं दुःख उलटं. कांदिवली, ४२ मजली टॉवर, राहतो सत्ताविसाव्यावर. पहिल्या वर्षात गिझरचा कनेक्शन पाइप दोनदा फुटला, एकदा आम्ही गावाला असताना. खालच्यांच्या पीओपीचे पैसे आम्ही भरले. गच्चीवरून सरळ लाइन आली तर १५ मजले म्हणजे साडेचार बार, आणि खालच्यांना १२-१३ बार होईल, म्हणून मधे प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह (पीआरव्ही) असतात, त्यातला आमच्या झोनचा बिघडलेला होता आणि हे कळायला दोन पाइप फुटावे लागले. टॉवरवाल्यांनी ८ बारचा म्हणून लिहिलेलाच स्टोरेज गिझर घ्या, आणि सोसायटीला विचारा पीआरव्ही शेवटचा कधी तपासला.

पितळी_बंब
गिरगावातल्या चाळीत वाढलो, आमच्याकडे तांब्याचा बंब होता. मधे विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली राख, बाजूला पितळी तोटी. पहाटे आजी कोळसे घालायची आणि घरभर तो धुराचा वास. शनिवारी चिंचेने घासायचं काम माझ्याकडे. धारेचा प्रश्नच नव्हता, तोटी सोडली की घंगाळात धो धो, कारण तोटी या एवढ्या भोकाची, अंगठा जाईल अशी. आत्ता हे सगळं वाचताना लक्षात आलं की त्या तोटीला जाळी नव्हती, वॉशर नव्हता, डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा खटका) नव्हता. विषयांतराबद्दल माफी.

नळबाजार
विषयांतर कसलं काका, मुद्द्याचंच बोललात.

गच्चीखालची
घ्या आकडे. सगळे १० लिटरला, रविवारी दुपारी, टाकी भरलेली असताना. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या की ही पाणी का मोजतेय.

बादलीचा नळ, थंड: ५० सेकंद
बादलीचा नळ, गरम: २ मिनिटं २५ सेकंद
शॉवरच्या उंचीला थंड: १ मिनिट २० सेकंद
शॉवरच्या उंचीला गरम: ३ मिनिटं ३५ सेकंद

नळबाजार
वा. म्हणजे मिनिटाला १२ लिटर थंड, आणि गरम ४. शॉवरला साडेसात आणि पावणेतीन.

आता बघा, गॅस गिझर लावला असतात तर शॉवरला पावणेतीन लिटरवर तो पेटू की नको करत बसला असता. २५ लिटरचा लावला असतात तर पाणी जास्त वेळ पुरलं असतं, पण तीच करंगळी. दोन्हीत पैसे गेले असते.

चोर शोधायचा तर प्लंबरला एक काम सांगा. गिझरचा मेन स्विच बंद. भिंतीतला अँगल कॉक (गिझरला पाणी देणारा छोटा कॉक) बंद करून गिझरच्या खालचा थंड पाण्याचा कनेक्शन पाइप गिझरच्या टोकाला सोडवा, सेफ्टी व्हॉल्व्हच्या अलीकडे. पाइप बादलीत, कॉक पूर्ण उघडा, १० लिटरला वेळ लावा. तिथे पाणी भरपूर आलं तर चोर पुढे आहे, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह, गिझरच्या तोंडचा गाळ किंवा मिक्सरची गरम बाजू. तिथेच कमी आलं तर चोर भिंतीत.

९_०५_ची_लोकल
तो सेफ्टी व्हॉल्व्ह काढूनच टाकला तर? आमच्या प्लंबरने काढला होता, म्हणाला कमी प्रेशरला लागत नाही, आत स्प्रिंग असते ती पाणी अडवते.

निवृत्त_वायरमन
काढला??? आजच्या आज परत लावा. स्प्रिंग थोडं अडवते हे खरं, पण थर्मोस्टॅट चिकटला तर तापून फुगलेलं पाणी बाहेर पडायला तीच सुरक्षित वाट आहे. वर त्यातला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) गरम पाणी थंडाच्या लाइनीत उलटं जाऊ देत नाही, सोसायटीत पाणी गेलं तर गिझर रिकामा होऊन कॉइल जळत नाही. अडत असेल तर नवीन घ्या, फार महाग वस्तू नाही. काढायची नाही.

९_०५_ची_लोकल
ओके काका. आमचा इन्स्टंट आहे, पण आईकडे १५ लिटरचा आहे, तिथला काढलाय. उद्या जातो.

गच्चीखालची
प्लंबर आला होता. गिझरच्या आधीच सोडवून मोजलं, १० लिटरला २ मिनिटं! म्हणजे चोर भिंतीत. मग त्याने अँगल कॉक उघडला तर आतला रबरी वॉशर तुकडे तुकडे होऊन तोंडात अडकलेला. तो बदलून १ मिनिट ३० वर आलं. तरी थंड नळाएवढं नाही, म्हणून कॉन्ट्रॅक्टर म्हणाला भिंत तर फोडायचीच आहे, बघूया.

तो तुकडा माझ्यासमोर टेबलावर आहे. साधारण वीतभर, अर्ध्या इंची जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप, करवतीने कापलेला. बाहेरून रंग दिलेला, चांगला दिसतोय. आतून बघितलं तर तपकिरी, खडबडीत, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखे थर, आणि मधे भोक एवढंच की मुलाची पेन्सिल घातली तर जेमतेम गेली आणि अडकली. आता ती निघत नाहीये. बोटाने खरवडलं तर गंज पावडरसारखा पडतो. इतकी वर्षं या पाइपातून आलेल्या पाण्याने मी तोंड धूत होते.

आणि थंडाच्या लाइनीला काही नाही कारण ती म्हणे १२ वर्षांपूर्वी नवऱ्याने बदलून घेतली होती, तेव्हा गरमाची "चांगली चालतेय" म्हणून राहू दिली. यावर घरात वेगळा धागा चालू आहे.

नळबाजार
पेन्सिलचा फोटो फ्रेम करा. १५ मिलिमीटरच्या जागी ८ उरले म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ पावभरच उरलं, आणि वर खडबडीत, त्यामुळे पाणी त्याहूनही कमी. आपलं पाणी तलावांचं, भातसा-वैतरणा-तानसाचं, बोअरसारखं जड नाही, तेव्हा क्षार कमी बसतो, पण जीआयला गंज धरायला तेवढं पुरतं. जिथे टँकर आणि बोअर मिसळतात तिथे गंज अधिक क्षार, दोन्ही.

आता काम निघालंच आहे तर: गरम-थंड दोन्ही सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लॅस्टिक) करा, साधा पांढरा यूपीव्हीसी गरमाला चालत नाही, मऊ पडतो. बाथरूमपर्यंत पाऊण इंची आणा, अर्धा इंची फक्त शेवटच्या हातभर तुकड्याला. कोपरे कमी. गिझर शॉवरच्या जेवढा जवळ तेवढा बरा. कनेक्शन पाइप चांगल्या भोकाचा, आणि अँगल कॉक स्वस्तातला नको कारण बाहेरून सगळे चकचकीत असतात, आत भोक बारीक. मिक्सर-डायव्हर्टर घेताना दुकानदाराला कमी प्रेशरला चालतो का विचारा, आणि रेन शॉवर ऐवजी लहान तोंडाचा. ०.३ बारला ताटाएवढा शॉवर म्हणजे ओल्या टॉवेलमधून थेंब पडतात तसं.

गच्चीखालची
आणि पंप? समोरचे रोज विचारतात.

नळबाजार
आत्ता नको. पाइप बदलून मोजा, मग ठरवा. लावलाच तर थंड पाण्याची मुख्य लाइन दोन फाटे व्हायच्या आधी लावायचा, म्हणजे गरम-थंड दोन्हीला सारखं प्रेशर मिळतं. नुसता गिझरला लावला तर एकाचा जोर दुसऱ्याला मागे रेटतो आणि मिक्सर कधी चटका कधी गार. दुसरं, तुमचा डाउनटेक (टाकीवरून खाली येणारा पाइप) खालच्या तिघांशी कॉमन असेल तर पंप त्यांच्या वाटणीचं पण ओढणार, मग जिन्यात नमस्कार बंद. सोसायटीला विचारूनच. महापालिकेच्या लाइनीला थेट पंप लावणं तर बेकायदाच आहे, तुमचं टाकीवरून आहे म्हणून तो प्रश्न नाही. त्यापेक्षा सोसायटीकडून परवानगी काढून गच्चीवरून तुमच्यापुरता एक इंची वेगळा डाउनटेक आणा, तुम्हाला जेमतेम पंधरा फूट लागेल, वीज नाही, आवाज नाही.

लेस्टरकर
माळ्यावरच्या टाकीला आम्ही पंप लावला होता. पहाटे पाचला शॉवर सोडला की शेजारची भिंत घुमायची.

गच्चीखालची
तीन आठवड्यांनी परत आले. झालं एकदाचं.

दोन्ही लाइनी सीपीव्हीसी पाऊण इंची. वेगळा डाउनटेक सेक्रेटरी म्हणाले जनरल बॉडीत ठेवू, म्हणजे पुढच्या वर्षी. गिझर २५ लिटरचा स्टोरेज, वायर ४ स्क्वेअर, आरसीसीबी लावली (काका, आमचा पॉइंट खरोखरच बेडरूमच्या पंख्याच्या लाइनवर होता, इलेक्ट्रिशियनने कपाळाला हात लावला). गॅस रद्द, कारण ड्राय बाल्कनीच नाही आणि बाथरूममधे लावायचा नाही हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे. रेन शॉवर रद्द, कॉन्ट्रॅक्टर रुसलाय. पंपासाठी एक टी काढून बूच लावून ठेवलंय.

नवीन आकडे. बादलीचा नळ गरम: १ मिनिट २ सेकंद. शॉवरच्या उंचीला गरम: १ मिनिट ३५. म्हणजे मिनिटाला सव्वासहा लिटर, आणि थंड मिसळलं की त्याहून जास्त. फार जोरदार नाही, पण शॉवर आहे. मुलगा वीस मिनिटं आत होता आणि शेवटची पाच मिनिटं गार पाण्याने केली असं स्वतःच सांगितलं.

सत्ताविसावा_मजला
अभिनंदन! आमचं थोडं प्रेशर देऊ का?

गच्चीखालची
द्या पाठवून. एक शेवटची शंका, गिझर तापत असताना त्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या टोकातून थेंब थेंब पाणी पडतं. नवीन आहे तरी. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो एम-सील लावून बंद करून टाकू.

निवृत्त_वायरमन
त्याला बाथरूममधून बाहेर काढा आधी.

नळबाजार
अजिबात बंद करू नका. पाणी तापलं की फुगतं, एनआरव्हीमुळे मागे जाऊ शकत नाही, तेच तिथून पडतंय. तापताना थेंब थेंब पडणं म्हणजे व्हॉल्व्ह जिवंत आहे. गिझर बंद असताना पण सतत गळलं तर मात्र बघायला हवं. टोकाला छोटी पारदर्शक नळी लावून खाली जाळीपर्यंत सोडा, तिचं तोंड उघडंच राहू द्या.

गच्चीखालची
लावली नळी. जाळीपर्यंत गेली नाही, मधेच सासूबाईंनी तांब्या ठेवलाय. संध्याकाळपर्यंत पाव तांब्या भरतो म्हणे, गार झालं की तुळशीला घालतात.